शिकाऱ्याचे लोकरी मोजे



अंगातला सदराही जड वाटावा अशा या उन्हाळ्याच्या संध्याकाळी आम्ही आपल्यापुढे लोकरीच्या मोज्यांवर बोलायला उभे राहिलो आहोत. फलकावर आजचा विषय वाचून आमच्या एका स्नेह्यांनी विचारले, "काय हो, युनियनने विणकामाचा वर्ग काढला की काय?" त्यांना आम्ही म्हटले, वर्ग काढलेला नाही, पण मोज्यांसाठी आम्ही तीन वेळा वाटाघाटीला बसलो आहोत. तेव्हा या विषयावर तासभर बोलण्याचा अधिकार आम्हाला पोचतो. त्या वाटाघाटींची हकीकत पुढे येईलच.

आम्ही विद्वान नव्हे. सातवीनंतर आमची शाळा सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते पाळी संपल्यावर नगरवाचनालयाच्या बाकावर आणि गेट मीटिंगांतून झाले. त्यामुळे कोणताही विषय हाती घेतला की तो कामाच्या बाजूने पाहण्याची आम्हाला सवय आहे. शिकारी म्हटला की आपल्याकडे राजेरजवाडे, मचाण आणि भिंतीवरचे वाघाचे मुंडके डोळ्यांपुढे येते. आज आम्ही बोलणार आहोत तो शिकारी निराळा. तो पोटासाठी बर्फावर जातो. शिकार करावी की करू नये हा वाद मोठा आहे आणि त्यात पडण्याचा आज विचार नाही. आम्हाला पाहायचे आहे ते एवढेच की, बर्फावर काम करणाऱ्या माणसाचे पाय उबदार राहतात ते कशाने, आणि ती जबाबदारी कोणाकोणाची.

प्रथम पायाचाच विचार करू. थंडी वाढली की शरीर खर्चात कपात करू लागते. हृदय, मेंदू, पोटातली इंद्रिये यांची ऊब आधी राखायची म्हणून हातापायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात आणि तिकडे जाणारे गरम रक्त कमी होते. म्हणजे संकट आले की पहिली कपात कामकऱ्याच्या शिध्यात, हा न्याय शरीराच्या राज्यातही चालतो! यातून एक गोष्ट निघते ती अशी की, पाय गार पडला तर दोष नेहमी मोज्याचाच असतो असे नाही. डोके उघडे असेल, छातीवर वारा लागत असेल, पोट रिकामे असेल, तर पायांत कितीही जाड मोजे घातले तरी ते गारच राहतील. मोजा स्वतः ऊब तयार करीत नाही. रक्ताने आणलेली ऊब तो धरून ठेवतो.

दुसरी गोष्ट घामाची. थंडीत घाम कसला, असे आपण म्हणाल. पण बर्फातून चार कोस चालणारा, ओझे ओढणारा माणूस घामाघूम होतो, आणि पायाच्या तळव्याला तर घाम अधिकच येतो. हा घाम बुटात कोंडतो. कोरड्या हवेच्या मानाने पाण्यातून उष्णता सुमारे पंचवीसपट वेगाने निघून जाते. म्हणून ओला पाय हा शिकाऱ्याचा खरा वैरी. चालत असतो तोवर त्याला ते जाणवत नाही. सावजाची वाट पाहत तो थांबला की पाचदहा मिनिटांत तोच घाम बोटे गोठवायला लागतो.

येथे लोकरीची थोरवी आहे. लोकर आपल्याला परकी नाही. सणगराने विणलेली घोंगडी आपल्या आज्या-पणज्यांनी वापरली आहे. घोंगडीची खोळ करून भर पावसात शेतकरी औतामागे चालतो. घोंगडी भिजते, जड होते, पण अंगाला गारठा लागू देत नाही. असे का? लोकरीचा तंतू सरळ नसतो, कुरळा असतो. अशा हजारो कुरळ्या तंतूंमध्ये हवेचे लहान लहान कप्पे धरले जातात. ही अडकून पडलेली हवाच खरी ऊब राखते. तंतूच्या अंगात लवचीकपणा असल्यामुळे तो दाबला तरी पुन्हा उसळी घेतो आणि कप्पे मोडत नाहीत. शिवाय लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतका ओलावा वाफेच्या रूपाने तंतूच्या आत ओढून घेते, तरी हाताला ओली लागत नाही. हा ओलावा शोषताना ती किंचित उष्णताही बाहेर टाकते. सुती मोज्याचे तसे नाही. तो भिजला की त्याचे तंतू एकमेकांना आणि कातडीला चिकटतात, हवेचे कप्पे मोडतात, आणि पायाभोवती गार पाण्याची पट्टी गुंडाळल्यासारखे होते.

लोकरीचे दोषही सांगितले पाहिजेत. ती सावकाश वाळते, टाचेला लवकर झिजते, आणि जाडीभरडी असली तर खाजते. म्हणून हल्ली बारीक मेरिनो लोकर घेऊन तिच्यात थोडा नायलॉनचा धागा घालतात. आणखी एक इशारा आहे. ऊब वाढावी म्हणून एकावर एक तीन मोजे चढवून पाय बुटात कोंबला, तर दोन तोटे होतात. लोकरीतली हवा दाबून निघून जाते आणि रक्ताची वाट आवळली जाते. बुटात बोटे हलवता आली पाहिजेत. सैल बुटातला एक मोजा घट्ट बुटातल्या तीन मोज्यांना भारी पडतो.

हे शहाणपण लोकरीच्याही आधीचे आहे. १९९१ साली ऑस्ट्रिया आणि इटली यांच्या सरहद्दीवर, आल्प्स पर्वतात, बर्फाखाली एका माणसाचे शव सापडले. ते सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचे ठरले. त्याच्याजवळ धनुष्य होते, बाणांचा भाता होता. त्याच्या पायांतले बूट संशोधकांनी उलगडून पाहिले. तळ अस्वलाच्या कातड्याचा, वरचा भाग हरणाच्या कातड्याचा, आत झाडाच्या सालीच्या दोऱ्यांची जाळी, आणि त्या जाळीत ठासलेले वाळलेले गवत. ते गवत म्हणजे त्याचा मोजा. काम तेच, हवा धरून ठेवण्याचे. उत्तर युरोपातले सामी लोकही बुटात असेच गवत घालीत, आणि रात्री ते काढून वाळवीत.

उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांची रीत तर याहून बारकाईची. त्यांचा शिकारी गोठलेल्या समुद्रावर, सील श्वास घ्यायला जेथे वर येतो त्या भोकापाशी, तासन् तास हलता न येता उभा राहतो. त्याच्या पायांत आत रेनडिअरच्या जातीच्या कॅरिबूचा मोजा असतो, केस आतल्या बाजूला घेतलेला. वरून सीलच्या कातड्याचा बूट. शिवण अशी की पाणी आत शिरू नये. शिवाय तो उभा राहतो तो उघड्या बर्फावर नव्हे, खाली कातड्याचा तुकडा अंथरतो. त्यामुळे तळव्याची ऊब बर्फात जात नाही आणि पावलाचा आवाजही होत नाही. हे बूट शिवायचे, रात्री दिव्यावरच्या मांडणीवर वाळवायचे, कडक झालेले कातडे पुन्हा मऊ करायचे, हे सारे काम घरच्या बायकांचे. शिकार पुरुषाने केली असे आपण म्हणतो. पण रात्री बूट वाळला नसता तर सकाळी शिकारी घराबाहेर पडूच शकला नसता. त्या शिकारीत बाईची अर्धी पाळी जमा धरली पाहिजे.

आता आम्ही आपल्याला ज्या हकीकतीसाठी येथवर आणले तिच्याकडे वळतो. न्यूफाउंडलंड हे अटलांटिक महासागरातले मोठे बेट. आज ते कॅनडाच्या एका प्रांताचा भाग आहे. १९४९ पर्यंत त्याचा कारभार वेगळा होता. तेथील लोक मूळचे कोळी. उन्हाळ्यात कॉड मासा धरायचा आणि मार्च महिना लागला की सेंट जॉन्स बंदरातून वाफेच्या जहाजांवर चढून उत्तरेकडच्या तरंगत्या बर्फावर सीलच्या शिकारीला जायचे. कातड्यासाठी आणि चरबीच्या तेलासाठी ही शिकार चाले. उत्पन्नाचे तीन हिस्से केले तर दोन मालकांचे आणि एक हिस्सा जहाजावरच्या सगळ्या शिकाऱ्यांत वाटला जाई. सफरीला लागणारे सामान मालकाकडूनच उधारीवर, चढ्या दराने घ्यावे लागे आणि हिशेबात ते आधी कापले जाई. आपल्याकडच्या सावकारीशी ज्यांची ओळख आहे त्यांना हे अधिक समजावून सांगायला नको.

या माणसांच्या पायांकडे पाहा. सीलच्या कातड्याचे बूट, तळाला बर्फावर पकड यावी म्हणून लोखंडी खिळे, आत गुडघ्यापर्यंतचे लोकरी मोजे आणि त्यांवर आणखी एक आखूड जाड मोजा. त्याला ते व्हॅम्प म्हणत. बेटावरच्या घराघरांतून दोनचार मेंढ्या असत. त्यांची लोकर घरच्या बायका पिंजीत, कातीत आणि विणीत. म्हणजे शिकाऱ्याच्या अंगावरची बरीचशी ऊब घरातून येई. आणि मोजे उत्तम होते, यात शंका नको. बर्फाच्या एका तुकड्यावरून दुसऱ्यावर उड्या मारीत दिवसभर चालायचे, अधूनमधून पाय पाण्यात जायचा, आणि संध्याकाळी जहाजावर परत येऊन शेगडीपाशी मोजे वाळवायचे. या कामाला ते पुरेसे होते.

या वाक्यातला 'संध्याकाळी परत येऊन' एवढा भाग मोज्याच्या हातचा नव्हता.

३१ मार्च १९१४. 'न्यूफाउंडलंड' याच नावाचे एक जहाज बर्फात अडकून पडले होते. त्याचा कप्तान वेस्टबरी कीन. काही मैलांवर त्याच्या वडिलांचे, एब्राम कीन यांचे, 'स्टेफानो' हे बलाढ्य जहाज सीलांच्या जवळ होते. मुलाने आपली १६६ माणसे बर्फावरून चालत वडिलांच्या जहाजाकडे पाठवली. आभाळाचा रंग पाहून ३४ जण वाटेतून माघारी फिरले. त्यांना भित्रे म्हणून टोमणे बसले असतील. पण ते वाचले. उरलेले १३२ जण चार तासांहून अधिक चालून 'स्टेफानो'वर पोचले. तेथे चहा आणि कडक बिस्किटे मिळाली. मग एब्राम कीन यांनी त्यांना सीलांच्या कळपाजवळ नेऊन पुन्हा बर्फावर उतरवले. शिकार करा आणि आपल्या जहाजावर परत जा, असा हुकूम झाला. तेव्हा बर्फ पडायला सुरुवात झाली होती.

वादळ आले. वाट दिसेना. आधी ओले बर्फ आणि पाऊस, कपडे आणि मोजे चिंब. मग वारा फिरला आणि कडाक्याची थंडी. ती माणसे दोन रात्री उघड्या बर्फावर होती. काहींनी बर्फाच्या लाद्या रचून वाऱ्याला आड केली. जेसी कॉलिन्स नावाचा एक शिकारी रात्रभर सोबत्यांना हालचाल करायला लावीत राहिला, कारण जो बसला तो गेला हे त्याला ठाऊक होते. रूबेन क्रू नावाचा बाप आणि त्याचा तरुण मुलगा आल्बर्ट जॉन एकमेकांना मिठीत घेऊन गोठून गेले.

आता पाहा. या सगळ्या वेळात कोणी शोधायला का आले नाही? वेस्टबरी कीन यांना वाटले, आपली माणसे वडिलांच्या जहाजावर सुखरूप झोपली आहेत. एब्राम कीन यांना वाटले, ती आपल्या जहाजावर परत पोचली आहेत. दोन जहाजे, आणि दोन्हींवर कोणालाही काळजी नाही. एका संदेशाने ही चूक दुरुस्त झाली असती. 'स्टेफानो'वर बिनतारी यंत्र होते. 'न्यूफाउंडलंड'वरचे यंत्र मालकांनी काढून घेतले होते. का? तर त्या यंत्रामुळे शिकार वाढत नाही आणि त्याचा खर्च भरून निघत नाही, म्हणून. यंत्र शिकारीसाठी ठेवलेले होते. माणसांसाठीही ते लागेल हा हिशेब त्या वहीत नव्हता.

२ एप्रिलच्या सकाळी वेस्टबरी कीन यांना दुर्बिणीतून बर्फावर अडखळत येणारी आपली माणसे दिसली. 'बेलाव्हेंचर' नावाच्या दुसऱ्या एका जहाजाने जिवंत आणि मृत गोळा केले. एकूण ७८ माणसे दगावली. वाचलेल्यांपैकी कित्येकांचे पाय आणि बोटे कापावी लागली. त्याच वादळात 'सदर्न क्रॉस' नावाचे आणखी एक सील शिकारीचे जहाज सर्व माणसांसह बुडाले. दोन्ही मिळून अडीचशेच्या वर माणसे गेली.

बंधुभगिनींनो, ज्या बायकांनी ते मोजे विणले होते त्यांचे काय चुकले होते? काहीही नाही. मोज्यांनी आपले काम केले. मोजा माणसाला मुदत देतो. सुटका देत नाही. कोरडा असेल तर काही तास, भिजला तर त्याहून कमी. त्या मुदतीच्या आत माणसाला परत बोलावणे, तो परतला की नाही हे मोजणे आणि परतला नसेल तर शोधायला निघणे हे मोज्याचे काम नव्हे. ते ज्याने त्याला बर्फावर उतरवले त्याचे काम. आम्हाला या संध्याकाळी एवढेच सांगायचे आहे.

त्या बेटावर ही गोष्ट बोलणारा एक माणूस होता. विल्यम कोकर त्याचे नाव. १९०८ साली त्याने कोळ्यांची संघटना काढली. 'फिशरमेन्स प्रोटेक्टिव्ह युनियन' हे तिचे नाव. आरंभी तिच्यात मोजकीच माणसे होती. पाचसहा वर्षांत ती हजारोंची झाली, आणि १९१३ च्या निवडणुकीत तिचे प्रतिनिधी कायदेमंडळात जाऊन बसले. १९१४ च्या त्या मोसमात शिकाऱ्यांचे हाल डोळ्यांनी पाहावेत म्हणून कोकर स्वतः 'नॅस्कोपी' या जहाजावर गेला होता. ज्या बर्फावर माणसे मरत होती त्याच बर्फात त्याचेही जहाज होते.

पुढे चौकशी आयोग बसला. १९१५ साली त्याचा अहवाल आला. कप्तानांचे निर्णय चुकले असे त्याने म्हटले; तुरुंगात कोणी गेले नाही. मात्र १९१६ साली कायदा झाला. अंधार पडल्यावर माणसांना बर्फावर ठेवता येणार नाही. शिकारीच्या प्रत्येक जहाजावर बिनतारी यंत्र, हवेचा दाब मोजणारे यंत्र आणि तापमापक असलेच पाहिजे. अपघात झाला तर मालकाने भरपाई द्यावी. कलमे थोडकीच. पण नीट वाचली तर प्रत्येक कलमामागे बर्फावरची एक रात्र दिसते. ७८ माणसांच्या पायांनी तो कायदा लिहिला, असे आम्ही मानतो.

कोणी म्हणेल, ही तर शिकारीची गोष्ट, सरकारी शिस्तीत असे होत नसेल. त्याच वर्षी युरोपात महायुद्ध पेटले. फ्रान्स आणि बेल्जियमच्या खंदकांत सैनिक गुडघाभर थंड चिखलात दिवसचे दिवस उभे राहिले. पाणी गोठलेले नव्हते, तरीही पाय सुजून, काळेनिळे पडून सडू लागले. या रोगाला 'ट्रेंच फूट' म्हणजे खंदकपाय हे नाव पडले. पहिल्याच हिवाळ्यात ब्रिटिश सैन्यात वीस हजारांहून अधिक सैनिक त्याने आडवे झाले. त्या आघाडीवर आपलीही माणसे होती. ऑक्टोबर १९१४ मध्ये नव शापेल या गावी लढलेल्या तुकड्यांत आपल्या खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या दोन कंपन्या होत्या.

उपाय काय निघाला? औषध नव्हे. खंदकात लाकडी फळ्या टाकल्या, पाळ्या लहान केल्या, पायांना तेल चोळायला लावले आणि रोज कोरडे मोजे पुरवले. पण यातले मुख्य कलम वेगळेच होते. पलटणीत खंदकपायाचे रोगी वाढले तर त्याचा जाब अधिकाऱ्याला द्यावा लागेल असे ठरले. सैनिकाचा पाय हा अधिकाऱ्याच्या हिशेबात आला, तेव्हा अधिकारी स्वतः वाकून पाय तपासू लागले आणि रोगी कमी झाले. मोजे दोन्ही वेळी लोकरीचेच होते. फरक पडला तो जाब विचारला जाऊ लागल्याने.

त्याच युद्धात न्यूफाउंडलंडच्या बायकांनी पुन्हा सुया हाती घेतल्या. त्यांच्या संघटनेने सैनिकांसाठी साठ हजारांहून अधिक करड्या मोज्यांचे जोड विणून पाठवले. तरी नोव्हेंबर १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर आधी मुसळधार पाऊस आणि मग हिमवर्षाव झाला, तेव्हा खंदकात पाणी भरून त्यांच्या कित्येक तरुणांचे पाय गोठलेच. आपल्याकडेही याची आठवण आहे. १९६२ च्या ऑक्टोबरात नामका चू नदीच्या काठी उभ्या केलेल्या आपल्या अनेक जवानांच्या अंगावर सुती गणवेश आणि पायांत कॅनव्हासचे बूट होते. त्यानंतर घराघरांतून बायकांनी जवानांसाठी लोकरीचे कपडे विणले. त्या विणणाऱ्या हातांना आम्ही नमस्कार करतो. पण आधी पाठवणाऱ्याने काय दिले होते हा प्रश्न त्या नमस्काराने मिटत नाही.

आता आमच्या वाटाघाटी. खाडीपलीकडे एक शीतगृह आहे. नाव घेण्याचे कारण नाही. तेथे मासळी आणि मटण उणे १८ अंशांवर ठेवतात. माल चढवणारे-उतरवणारे आमचे सभासद. बाहेर धक्क्यावर मुंबईचा दमट उकाडा, आत आर्क्टिकचा हिवाळा, आणि दिवसातून वीस-पंचवीस वेळा या ऋतूतून त्या ऋतूत जायचे. पायांत रबरी गमबूट, आत नायलॉनचे किंवा सुती मोजे. धक्क्यावर पायाला घाम सुटतो, आत गेले की तोच घाम थंडगार होतो. न्यूफाउंडलंडच्या बर्फावर जे दोन दिवसांत झाले, ते येथे दर अर्ध्या तासाने थोडेथोडे होते. बोटे बधिर होतात, भेगा पडतात, आणि माणूस पाय झटकीत चालतो.

मागणीपत्रात आम्ही लिहिले: दरमाणशी लोकरी मोज्यांचे दोन जोड. पहिल्या बैठकीत साहेब हसले. मोजे ही काय युनियनची मागणी झाली? दुसऱ्या बैठकीत त्यांनी एक जोड कबूल केला. आम्ही विचारले, एक जोड भिजला की पाळीचा उरलेला वेळ माणसाने काय घालायचे? तिसऱ्या बैठकीत दोन जोड मिळाले, मोजे वाळवायला एक उबदार कपाट मिळाले, आणि दारापाशी एक फळी आली. आत जाणाऱ्याने आपला बिल्ला त्या फळीवर टांगायचा, बाहेर येताना काढून न्यायचा. फळीवर एकही बिल्ला शिल्लक असेल तर मुकादमाने दाराला कुलूप लावायचे नाही. ही फळी मागताना आमच्या मनात ती दोन जहाजे होती. 'तो त्या बाजूला असेल' असे कोणाला वाटून चालणार नाही, एवढाच तिचा अर्थ.

एक मागणी अजून पदरात पडलेली नाही. आत ठरावीक मिनिटे काम केल्यावर उबदार खोलीत ठरावीक मिनिटे विश्रांती, आणि ती पगारी. मोजे द्यायला ते लवकर तयार झाले, कारण मोजे स्वस्त आहेत. विश्रांती महाग पडते. मोजे दिले की आता जबाबदारी तुमची, असे आम्हाला ऐकवले जाते. त्यावर आमचे उत्तर एवढेच की मोज्याने दिलेली मुदत संपली की काय, हे तुम्ही कधी विचारणार? पुढच्या महिन्यात पुन्हा बैठक आहे.

जाता जाता, घरी नेण्यासारखी थोडी शिदोरी. आपल्यापैकी कोणी केदारनाथला, कोणी अमरनाथला जातात. तरुण मंडळी हिमालयात पदभ्रमणाला जातात. त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. लोकरी मोज्यांचा एक कोरडा जोड नेहमी जवळ असावा, तोही सामानात खोल न पुरता अंगाशी ठेवावा. मुक्कामाला पोचल्याबरोबर, चहाच्याही आधी, मोजे बदलावेत. रात्री झोपायचा जोड वेगळा ठेवावा. बूट सैल असावा. डोके आणि कान झाकावेत. पाय दुखत होता आणि दुखायचा थांबला, तर बरे वाटले असे समजू नये. बधिरपणा ही धोक्याची घंटा आहे. बोटे पांढरी, मेणासारखी कडक झाली तर ती चोळू नयेत, बर्फाने तर मुळीच चोळू नयेत, आणि शेकोटीवरही धरू नयेत. बधिर पायाला चटका कळत नाही. सुरक्षित जागी पोचल्यावर, कोपराला सोसवेल अशा कोमट, सुमारे ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात पाय धरावेत आणि डॉक्टर गाठावा. पुन्हा गोठण्याची भीती असेल तर वाटेत पाय वितळवू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे निघताना कोणाला तरी परतायची वेळ सांगून जावे. आणि ज्याला सांगितले त्याने ती वेळ लक्षात ठेवावी.

न्यूफाउंडलंडमधल्या एलिस्टन गावी आज त्या बापलेकांचा पुतळा उभा आहे. ज्यांना कधी तेथे जाण्याचा योग येईल त्यांनी तो पाहावा. आणि ज्यांना तो योग येणार नाही, म्हणजे आमच्यासारख्या बहुतेकांनी, आपल्या गावातल्या शीतगृहाच्या, बर्फाच्या कारखान्याच्या, मासळी बाजाराच्या दारापाशी पहाटे कधी उभे राहून कामकऱ्यांच्या पायांकडे पाहावे. त्या पायांत काय आहे, आणि आत गेलेला माणूस बाहेर आला की नाही हे कोण मोजतो, एवढे दोनच प्रश्न विचारावेत. एकटा कामकरी हे प्रश्न विचारतो तेव्हा त्याला दार दाखवले जाते. गावातली चार वजनदार माणसे विचारू लागली तर उत्तर द्यावे लागते.